मूळ जपायचं तर आधी प्रत करा

प्रतिकृती म्हटलं की कलेच्या वर्तुळात नाकं मुरडली जातात. किंमत काय ती मूळ चित्राची, मूळ शिल्पाची. प्रत म्हणजे एकतर फसवणूक नाहीतर हौस, फार तर शाळेच्या सहलीला दाखवायची सोय. हे मत इतकं रुळलं आहे की त्याला कुणी मत म्हणत नाही, अभिरुची म्हणतात. अलीकडे त्याच्या शेजारी दुसरं एक मत येऊन बसलं आहे. स्वतःला पुढारलेले समजणारे सांगतात, सगळ्याचं थ्रीडी स्कॅन करून हार्डडिस्कवर टाका, मग मूळ राहो की जावो. पहिल्यांना प्रतीची लाज वाटते, दुसऱ्यांना मुळाची पर्वा नाही. गृहीत मात्र दोघांचं एकच: कलाकृती म्हणजे एक पृष्ठभाग, आणि तो टिकला किंवा त्याचं चित्र टिकलं की जतन झालं.

मला हे दोन्ही उथळ वाटतं. ठिसूळ साहित्यात घडलेली आजची कलाकृती वाचवायची असेल तर प्रतिकृती हे दुय्यम साधन नाही, पहिलं साधन आहे. अट एवढीच की ती कलावंत हयात असताना, त्याच्या संमतीनं, शक्यतो त्याच साहित्यात आणि मूळ खराब होण्याच्या आधी केलेली असावी. आणि याची निकड मुंबईपेक्षा नांदेड-लातूरला जास्त आहे. मुंबईत निदान राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. नांदेडहून तिथवर जायचं तर देवगिरी नाहीतर नंदीग्राम एक्सप्रेस पकडावी लागते. वातानुकूलित दालन आणि जतनतज्ज्ञ ज्यांच्या हाताशी नाहीत त्यांनी कशाच्या आधारावर कला जपायची, हा प्रश्न आपल्यापुढे आहे. त्याचं उत्तर टप्प्याटप्प्यानं मांडतो.

१. बिघाड साहित्यातच असतो

अजिंठ्याच्या चित्रांवर येणारी संकटं बहुतेक बाहेरची. पाणी झिरपतं, वटवाघळं येतात, कीड लागते, हजारो प्रेक्षकांच्या श्वासानं ओल वाढते. दगड, मातीचा गिलावा आणि खनिज रंग यांनी मात्र दीड-दोन हजार वर्षं तग धरला. विसाव्या शतकात कलावंतांनी जे साहित्य हाती घेतलं त्याची गोष्ट उलटी आहे. फोमचा काही दशकांत चुरा होतो. लॅटेक्स आधी पिवळं, मग तपकिरी पडतं आणि पापडासारखं कडक होतं. पीव्हीसीतलं मऊपणा देणारं रसायन बाहेर झिरपून पृष्ठभाग चिकट होतो. सेल्युलोज ॲसिटेटला व्हिनेगरसारखा वास येऊ लागला की समजावं, ते संपायला लागलं. या साहित्याला कुणी धक्का लावला नाही तरी ते मरतं, कपाटात बंद ठेवलं तरी मरतं.

नाउम गाबोची प्लास्टिकची शिल्पं लंडनच्या टेट संग्रहालयात वाकली, तडकली. तेव्हा त्या संस्थेला २००७ साली प्रतिकृतींच्या प्रश्नावर खास विचारमंथन घडवावं लागलं. शिल्पकार इव्हा हेसला लॅटेक्स टिकणार नाही हे वापरतानाच ठाऊक होतं. डेमियन हर्स्टनं १९९१ साली काचेच्या टाकीत ठेवलेला शार्क कुजला आणि २००६ मध्ये त्याच्या जागी नवा आणावा लागला. कलाकृतीचं नाव तेच राहिलं.

हे परदेशातलं झालं. आता लातूर-नांदेड रस्त्यावरच्या कुठल्याही गावच्या चौकातला सात-आठ वर्षं जुना फायबरचा पुतळा जवळून पाहा. उन्हाच्या बाजूनं बोट फिरवलं की पांढरी भुकटी लागते, कारण वरचा जेलकोट उन्हानं मेलेला असतो. त्याखालचं रेझिन उघडं पडतं आणि मॅटमधले काचेचे तंतू लव उभी राहावी तसे वर येतात. पावसाळ्यात या तंतूंच्या वाटेनं पाणी आत शिरतं. आतल्या लोखंडी सांगाड्याला गंज चढतो, गंजलेलं लोखंड फुगतं आणि खांद्यापाशी किंवा चौथऱ्यालगत भेग पडते. मग जयंतीच्या आदल्या आठवड्यात भेगेत लांबी भरून वर ब्राँझ पेंटचा हात मारला जातो. पुढच्या वर्षी आणखी एक. अशा पाच-सहा जयंत्या झाल्या की शिल्पकारानं घडवलेली भुवई, ओठाची कड, कोटाच्या खिशातल्या पेनाची टोपी रंगात बुजून जाते.

आपण ज्याला मूळ म्हणून जपतो आहोत ते इथे उरलंच कुठे? वस्तू तीच आहे, चौथरा तोच, कोनशिला तीच. शिल्प मात्र रंगाच्या थरांखाली गेलं. अशा वेळी मूळ साचा कुणाकडे असेल तर त्यातून निघणारी प्रत चौकातल्या ‘मुळा’पेक्षा मूळ शिल्पाच्या जास्त जवळची असेल. मुळाची भक्ती करणाऱ्यांनी या एका पुतळ्याचा तरी हिशेब द्यावा.

२. निलंग्याचं गवत: जपायचं नेमकं काय?

२०१९ च्या शिवजयंतीला लातूर जिल्ह्यातल्या निलंग्यात मंगेश निपाणीकर या कलावंतानं सुमारे सहा एकरांवर, म्हणजे २ लाख ४० हजार चौरस फुटांवर, छत्रपती शिवाजी महाराजांची गवताची प्रतिमा उगवून दाखवली. त्याची बातमी देशभर गेली. काही दिवसांत गवत वाळलं, रान पुन्हा रान झालं. ठिसूळपणाचं याहून टोकाचं उदाहरण आपल्या दोन जिल्ह्यांत मला दिसत नाही, म्हणून त्यावर थोडं थांबतो.

या कृतीचं आज काय उरलं? आकाशातून काढलेले फोटो आणि चित्रफिती. बांधावर उभ्या असलेल्या माणसाला नुसता हिरवा पट्टा दिसायचा. प्रतिमा दिसायची ती वरूनच. त्यामुळे ड्रोनचा फोटो इथे निव्वळ नोंद नव्हता, कृती पाहण्याची ती मुख्य जागाच होती. स्कॅनवाले म्हणतील, मग झालं की जतन. झालं नाही. फोटो सांगतो ते कसं दिसत होतं. चेहऱ्याची आखणी रानावर कशी उतरवली, कोणतं बी कुठे पेरलं, गडद छटेसाठी काय केलं, जयंतीला नेमकी हिरवळ यावी म्हणून पेरणी किती दिवस आधी धरली, हे फोटो सांगत नाही. आणि पाण्याचं काय? एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांनी पिण्याचं पाणी आणावं लागलं, त्याच जिल्ह्यात तीन वर्षांनी सहा एकर गवत हिरवं ठेवायचं म्हणजे रोजच्या रोज घेतलेले निर्णय आले. ते निर्णय म्हणजे कृतीचा अर्धा भाग.

कलाकृतीत तीन गोष्टी असतात: द्रव्य, रूप आणि कृती, म्हणजे घडवण्याची रीत. जुन्या दगडी शिल्पात तिन्ही एकत्र टिकतात. छिन्नीची खूण दगडावर असते आणि दगड आपल्यासमोर असतो. आजच्या ठिसूळ कामात तिघांची फारकत होते. द्रव्य जातं, रूप फोटोत राहतं आणि रीत कलावंताच्या डोक्यात राहून त्याच्याबरोबर जाते. प्रतिकृती करायला बसलं की ही तिसरी गोष्ट बाहेर काढावीच लागते. सहा एकर पुन्हा पेरायची गरज नाही. दहा बाय दहा फुटांचा एक वाफा, त्यात चेहऱ्याचा एखादा भाग, उदाहरणार्थ डोळा, कलावंताच्या देखरेखीखाली दुसऱ्या कुणाकडून पेरून घेतला तरी पुरे. जे प्रश्न मुलाखतीत सुचत नाहीत ते पेरताना पडतात: इथे दाट की विरळ? बी फोकायचं की ओळीनं पेरायचं? पाणी पाटानं की फवाऱ्यानं? हातात काम असलं की माणूस बोलतो.

प्रत ही आधी चौकशी असते, वस्तू नंतर. माझ्या साऱ्या मांडणीचा आधार हा आहे.

३. प्रत तीन कामं करते, आपल्याला एकच माहीत आहे

लोकांना ठाऊक असलेलं काम म्हणजे बदली उभं राहणं. फ्रान्समधली लास्कोची गुहा १९६३ साली प्रेक्षकांसाठी बंद झाली आणि १९८३ पासून लोक शेजारची प्रतिगुहा पाहतात. आपल्याला यात काही नवं वाटायचं कारण नाही, कारण आपल्या देवळांत उत्सवमूर्ती असते. पालखीत ती बसते, गावभर ती फिरते, मूळ मूर्ती गाभाऱ्यात राहते. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीची झीज चिंता वाटावी इतकी वाढली तेव्हा अभिषेकाचा भार उत्सवमूर्तीवर गेला. कुणी म्हटलं नाही की भक्ती खोटी झाली. देवाच्या बाबतीत जी समज आपल्याला उपजत आहे ती कलेच्या बाबतीत कुठे जाते कोण जाणे.

दुसरं काम नोंदीचं. ते निलंग्याच्या निमित्तानं आलंच.

तिसरं काम सर्वांत मोलाचं आणि सर्वांत दुर्लक्षित: प्रत मुळाऐवजी मार खाते. जतनतज्ज्ञ त्याच रंगाचा, त्याच गोंदाचा, त्याच प्लास्टिकचा तुकडा नव्यानं बनवतात. त्याला उष्णता, ओल आणि प्रकाश देऊन मुद्दाम म्हातारा करतात आणि मग त्याच्यावर साफसफाईचे, चिकटवण्याचे, लेपाचे प्रयोग करतात. जो उपाय तुकड्यावर फसला तो मुळावर करायचा नाही. बंद पेटीत घडवलेलं वार्धक्य आणि खऱ्या वर्षांचं वार्धक्य सारखं नसतं, हे तज्ज्ञही मान्य करतात. तरीही आंधळा उपाय मुळावर करण्यापेक्षा हे हजार पटींनी बरं.

आंधळ्या उपायाची किंमत मराठवाड्याइतकी कुणी मोजली नसेल. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. गुलाम याझदानी पुरातत्त्व खातं सांभाळत होते आणि १९२० ते १९२२ या काळात लोरेंझो चेक्कोनी व ओर्सिनी हे इटालियन कारागीर चित्रांच्या दुरुस्तीसाठी बोलावले गेले. हेतू चांगला होता, माणसं आपल्या कामात वाकबगार होती. सुटू पाहणारा गिलावा त्यांनी पक्का केला, हे त्यांचं ऋण. पण चित्रांवर जो चपड्याचा लेप दिला तो काळाबरोबर पिवळा आणि मग काळपट होत गेला आणि पुढच्या पिढ्यांना तो उतरवत बसावं लागलं. आता विचार करा. तशाच मातीचा, तशाच रंगांचा हातभर गिलावा आधी करून त्यावर हाच लेप देऊन पाच-सात उन्हाळे-पावसाळे पाहिले असते तर? चपडा पिवळा पडतो हे त्या तुकड्यानं सांगितलं असतं. भिंतीवर शिकायची गरज नव्हती.

आणि या प्रयोगाला प्रयोगशाळाच लागते असं नाही. फायबरच्या पुतळ्यासाठी वापरलेलं तेच रेझिन, तीच मॅट, तोच जेलकोट घेऊन वीतभर लांबीच्या बारा पट्ट्या ओता. प्रत्येकीचा अर्धा भाग ॲल्युमिनियमच्या पन्नीनं झाका. तीन पट्ट्या तशाच ठेवा, तीनना मेण लावा, तीनना पारदर्शक अतिनील-रोधक लेप द्या, तीनना ब्राँझ पेंट मारा. गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून मांडा. एक मराठवाडी उन्हाळा आणि एक पावसाळा गेला की पन्नी काढा. झाकलेला आणि उघडा भाग शेजारी शेजारी दिसेल, कुणा तज्ज्ञाला बोलवायला नको. युरोपातल्या पुस्तकातले आकडे नांदेडच्या मे महिन्यासाठी लिहिलेले नसतात. आपल्या उन्हाचा आकडा आपल्याच गच्चीवर मिळेल.

४. अजिंठ्याच्या प्रती आधी जळाल्या

इथे कुणी हुशार वाचक मला अडवील, आणि त्यानं अडवावंच. अजिंठ्याच्या प्रतींचा इतिहास माझ्या बाजूनं बोलत नाही. चित्रकार रॉबर्ट गिलनं १८४४ नंतर जवळजवळ दोन दशकं घालून केलेल्या तैलप्रती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत गेल्या. वाचल्या त्या मोजक्याच. जॉन ग्रिफिथ्सनं मुंबईच्या जे. जे. स्कूलचे विद्यार्थी घेऊन १८७२ ते १८८५ या काळात सुमारे ३०० प्रती केल्या. त्यातल्या बऱ्याच लंडनमधल्याच साउथ केन्सिंग्टनच्या आगीत, १८८५ मध्येच, जळाल्या किंवा खराब झाल्या. जपानी चित्रकार अराई काम्पो यांच्या प्रती १९२३ च्या भूकंपात तोक्योत नष्ट झाल्या. भिंत उभी आणि प्रती राख, असा हा उफराटा हिशेब. शिवाय प्रत करताना रंग उठून दिसावेत म्हणून ग्रिफिथ्सच्या वेळी भिंतीवर व्हार्निश लावलं गेलं, ते वेगळंच. जपानमध्ये होर्यूजी मंदिराची भित्तिचित्रं २६ जानेवारी १९४९ ला जळाली, ती नेमकी त्यांच्या प्रती करण्याचं काम चालू असताना. नक्कलकारांच्या विजेच्या गादीवर संशय घेतला गेला.

म्हणजे प्रत करणं हेच कधी मुळावर उठतं आणि केलेली प्रत मुळाआधी मरते. मग कशाला हा खटाटोप?

मी या इतिहासातून निष्कर्ष काढतो तो उलटा. ग्रिफिथ्सच्या उरलेल्या प्रती आणि १८९६-९७ मध्ये छापलेले त्याचे दोन खंड आज अभ्यासकांना लागतात, कारण तेव्हा भिंतीवर असलेले काही तपशील आता भिंतीवर नाहीत. होर्यूजीच्या सभागृहात आज लोक जी चित्रं पाहतात त्या प्रतीच आहेत. फसलं ते प्रत काढणं नव्हे. सगळ्या प्रती समुद्रापार एका इमारतीत कोंबणं फसलं, आणि मुळाला हात लावून प्रत करणं फसलं. प्रती किमान दोन जागी, आणि मुळाला स्पर्श न करता, एवढे दोन नियम पाळले असते तर गिलच्या आयुष्याची वीस वर्षं वाया गेली नसती.

तिसराही धडा आहे आणि तो अगदी अलीकडचा. अजिंठ्याच्या पायथ्याला जपानी अर्थसाहाय्यातून मोठं पर्यटक केंद्र उभं राहिलं, १, २, १६ आणि १७ क्रमांकांच्या लेण्यांच्या प्रतिकृतींसह. मूळ लेण्यांवरचा गर्दीचा भार हलका व्हावा, हा उद्देश. कल्पना चोख होती. पुढे पाणी आणि विजेच्या थकबाकीत ते बंद पडलं. इथे प्रतिकृतीच्या तत्त्वाचा दोष शोधणं म्हणजे बिल न भरल्यामुळे दिवा गेला म्हणून एडिसनला नावं ठेवणं.

५. चार आक्षेप

पहिला आक्षेप बाजाराचा: प्रती निघाल्या की बनावट मालाला रान मोकळं. खरं तर उलट होतं. बनावट चित्र चालतं ते मुळाची नोंद नसते म्हणून. ज्या कृतीच्या अधिकृत प्रती किती, कुठे, कोणत्या साहित्यात, हे कागदावर आहे तिची नक्कल खपवणं अवघड. प्रतीवर ती प्रत असल्याचं, सालासकट, न पुसता येईल असं कोरलेलं हवं. मागच्या बाजूला चिठ्ठी चिकटवून भागायचं नाही. शिवाय मूळ कोणतं हा प्रश्न नेहमी आपण समजतो तितका सोपाही नसतो. फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ची म्हणून पुण्याच्या चित्रपट संग्रहात जी रिळं आहेत ती त्यांनी १९१७ साली पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीची असावीत, असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. तसं असेल तर भारतीय सिनेमाचा आरंभ आपण ज्यात पाहतो ती त्याच हातानं केलेली प्रत आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. काही कला नाहीशी व्हावी म्हणूनच केलेली असते. रांगोळी, निलंग्याचं गवत, गणपतीची मूर्ती. तिची प्रत करून ठेवणं म्हणजे तिचा अर्थच मारणं नाही का? याचं उत्तर लातूरनंच देऊन ठेवलं आहे. २०१९ साली विसर्जनापुरतंही पाणी नव्हतं तेव्हा मूर्ती दान करण्याचं आवाहन झालं आणि हजारो गणपती पाण्याविना राहिले. त्या मूर्ती ‘टिकल्या’, पण त्याला कुणी जतन म्हणालं नाही. उलट आता यांचं करायचं काय, हा प्रश्न उभा राहिला. नाहीशी होणारी कला टिकते ती वस्तू साठवून नव्हे, पुन्हा घडवता येण्यानं. जपानमधलं इसे इथलं देवस्थान दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर नव्यानं बांधतात. शेवटचं २०१३ साली बांधलं. आपला गणपतीचा कारखाना हेच दर वर्षी करतो. तेव्हा अशा कलेत साचा जपावा, आखणी जपावी, कारागीर जपावा आणि मूर्ती खुशाल विसर्जित करावी. आणि कलावंतानं सांगितलं की माझ्या कामाचं काहीही मागे ठेवू नका, तर ठेवू नये. संमतीची अट मी सुरुवातीलाच घातली ती याचसाठी.

तिसरा आक्षेप मला स्वतःला सर्वांत जास्त बोचतो आणि त्याचं पूर्ण निरसन मी करू शकत नाही. प्रतीमुळे कला टिकते पण तिचे धनी बदलतात. वारली चित्रं लग्नघराच्या मातीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं काढली जात, सुवासिनी काढत, आणि पुढच्या सारवणात ती जात. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्या पुढाकारानं ती कागदावर आली, जिव्या सोमा मशे यांच्यासारखा थोर चित्रकार जगापुढे आला, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कागदानं चित्र वाचवलं यात शंका नाही. पण भिंत बायकांची होती, कागदावर बहुतांश नावं पुरुषांची आली. साहित्य बदललं की केवळ रंग बदलत नाही, कुणाचा हात चालायचा हेही बदलतं. म्हणून ‘शक्यतो त्याच साहित्यात’ ही अट मी सोडायला तयार नाही, आणि जिथे ती पाळता येत नाही तिथे प्रतीसोबत मूळ करणाऱ्यांची नावं जायलाच हवीत.

चौथा आक्षेप पैशाचा. त्याला एका वाक्यात उत्तर आहे: बारा पट्ट्या आणि एक साचा यांचा खर्च दर जयंतीच्या रंगरंगोटीशी ताडून पाहा.

६. प्रतींचा सुकाळ, नोंदींचा दुष्काळ

गंमत अशी की नांदेड-लातूरला प्रतिकृतींची कमतरता मुळीच नाही. एकाच साच्यातून निघालेले बाबासाहेब, अण्णाभाऊ, शिवराय गावोगाव उभे आहेत. साचा एका गावात, मॅट भरणारे हात दुसऱ्या गावातले, रंग तिसऱ्याचा. कोणता पुतळा पहिला आणि कोणता त्याच्यावरून काढलेला, मूळ मातीकाम कुणाचं, हे कोनशिलेवर नसतं. तिथे उद्‌घाटकांची नावं असतात. प्रती इतक्या आणि त्यातून जतन शून्य, कारण प्रत काढताना चौकशी कुणी केली नाही. शाडूत घडवलेलं मूळ रूप तर साचा निघाला की मोडून पुन्हा मातीच्या ढिगात जातं. पीओपी आणि काथ्याचा साचा जागा अडवतो म्हणून दोन-चार वर्षांत फोडला जातो. शिल्पकाराचा हात जिथे सर्वांत स्पष्ट होता त्या दोन्ही वस्तू सर्वांत आधी जातात.

हे थांबवायला नवी संस्था उभारायची गरज नाही, कारण सरकारी वाटेवर एक थांबा आधीच आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक पुतळा उभारायचा तर त्याच्या मातीच्या मॉडेलला कला संचालनालयाची मान्यता लागते. आज तो थांबा शिक्क्यापुरता आहे. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. त्यानंतर कला संचालकांनी सांगितलं की मान्यता सहा फुटी मातीच्या मॉडेलला दिली होती. मॉडेल आणि पुतळा यांच्यामध्ये काय बदललं, हे तपासायला दोघांची सांगड घालणारी काहीतरी वस्तू हवी. मान्यतेच्या वेळीच त्या मॉडेलचा साचा आणि एक पक्की छोटी प्रत जमा करून घेतली तर ती सांगड मिळते, आणि पन्नास वर्षांनी दुरुस्ती करणाऱ्याला बुजलेली भुवई कशी होती हेही कळतं.

ठेवायचं कुठे? एक संच नांदेडला विष्णुपुरीच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात, दुसरा त्याच विद्यापीठाच्या लातूर उपकेंद्रात. दोन शहरं, दोन इमारती. क्रिस्टल पॅलेस पुन्हा नको. प्रतीशेजारी पट्ट्यांचा प्रयोग ठेवावा, म्हणजे विद्यार्थ्यांनाही काम मिळेल.

हक्कांचा प्रश्न मात्र आधी सोडवावा लागेल. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं पुतळा विकत घेतला म्हणून त्याची प्रत काढायचा हक्क नगरपालिकेकडे येत नाही. लेखी करार नसेल तर तो सहसा शिल्पकाराकडे आणि त्याच्यामागे साठ वर्षं वारसांकडे राहतो. शिवाय कलम ५७ खाली कलावंताला आपल्या कृतीची मोडतोड रोखण्याचा अधिकार आहे. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं भव्य ब्राँझ भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवलं गेलं. दिल्ली उच्च न्यायालयानं २००५ साली त्याचे अवशेष त्यांना परत करायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सरकारला सांगितलं. तेव्हा पुतळ्याची ऑर्डर देतानाच करारात कलम हवं: जतनासाठी दोन प्रती आणि चाचणीचे तुकडे काढायला शिल्पकाराची संमती, विक्रीला मनाई, चाचणीचे तुकडे काम झाल्यावर नष्ट. सोबत एक पानाचं पत्रक: रेझिन कोणतं, हार्डनर किती, मॅटचे थर किती, सांगाड्याला कोणतं लोखंड, जोड कुठे. त्या पत्रकावर शिल्पकाराच्या सहीखाली साचा भरणाऱ्या कारागिराचीही सही घ्यावी लागेल, कारण खांद्यात मॅटचे थर प्रत्यक्षात तीन घातले की दोन, हे त्यालाच माहीत असतं.